पाळण्यात टाकायचे दोन पत्ते

हातात सहा पत्ते येतात आणि त्यांतले दोन टाकायचे असतात. ऐकायला सोपं आहे. मी बैलांचे, घोड्यांचे, सागाच्या ओंडक्यांचे इतके सौदे केले की त्याला मोजदाद नाही. समोरचा माणूस आवंढा कधी गिळतो तेवढ्यावरून त्याचा शेवटचा भाव ओळखायचो. पण ते दोन पत्ते निवडताना मला घाम फुटायचा, आणि समोर बसलेली सत्तरीची पारशीण बाई पंख्याने वारा घेत म्हणायची, "बेस, दीकरा, बेस. पत्ते काय नासत नाहीत."

तिच्याकडे मी खेळायला गेलोच नव्हतो. जागा मागायला गेलो होतो.

नंदुरबार स्टेशनच्या मालधक्क्याला लागून तिची मोकळी जागा होती. दोन चिंचा, एक आटलेली विहीर आणि गुडघ्याएवढं कुंपण. माझा धंदा सागाचा आणि बांबूचा. तळोद्याकडून गाड्या तापी ओलांडून यायच्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला माल उतरायचा, मग तोच माल पुन्हा गाडीत भरून स्टेशनवर न्यायचा. एकाच लाकडाची दोनदा हमाली. ती जागा मिळाली असती तर ओंडका बैलगाडीतून उतरून सरळ मालगाडीच्या वाघिणीत चढला असता. हे मला जसं दिसत होतं तसंच आणखी एकाला दिसत होतं. त्याला तिथे कापसाच्या गाठींसाठी वखार बांधायची होती. तो माझ्या मामाचा मुलगा.

मामाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मामा जनावरांच्या बाजारातला दलाल. आमच्याकडे सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी भाव ठरतो. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पाचाच्या पुढे जायचं तर पंजा आवळून पुन्हा बोटं धरायची. बाहेर तोंडाने काहीही ओरडावं, बैलाला गाढव म्हणावं, शिव्या द्याव्यात. त्याला कोणी धरून बसत नाही. पण रुमालाखालचं बोट खोटं बोलत नाही. मामा मला शिकवताना म्हणायचा, "तोंड बाजारनं शे, हात देवना शे." चौदा वर्षं मी त्याच्यासाठी हात दिला. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात एका संध्याकाळी त्याने स्वतः माझ्या हातावर रुमाल टाकला आणि अर्ध्या भागीदारीचं बोट दिलं. पुढच्या वर्षी नवी पेढी उघडली तेव्हा गादीवर त्याचा मुलगा बसला आणि मला एक नारळ आणि एक फेटा मिळाला. मी चारचौघांत विचारलं तर म्हणाला, "रुमालखाले काय व्हयनं, ते कोणी देखं का?"

तो फेटा अजून माझ्या पेटीत आहे. घडी मोडलेली नाही.

तेव्हा पारशीण बाईची जागा माझ्यासाठी नुसती जागा नव्हती. ती मामाच्या मुलाला मिळाली तर मी रोज माल भरायला त्याच्या वखारीवरून जाणार होतो, आणि ते मी जिवंतपणी करणार नव्हतो.

पहिल्या दिवशी मी जाऊन बसलो. बाई ओसरीवर होती, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, पुढ्यात एक सागाची पाटी. पाटीला दोन्ही बाजूंनी भोकांच्या ओळी. मी जागेचं बोललो. ती म्हणाली, "जागा कुठे पळत नाय. पत्ते येतात का?"

"येतात की. झब्बू, तीनशेचार."

"ते नाय. हा वेगळा."

रेल्वेचा रस्ता टाकला जात होता तेव्हा तिच्या नवऱ्याने दगड आणि मजूर पुरवले होते. तंबूत राहणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने त्याला हा खेळ शिकवला, नवऱ्याने तो बायकोला शिकवला. पाटी इथल्याच सुताराने केलेली. भोकांत खोचायच्या पितळी खिळ्या केव्हाच्या हरवल्या होत्या आणि त्यांच्या जागी बाभळीचे काटे होते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती.

खेळ दोघांचा. दोघांना सहा-सहा पत्ते. प्रत्येकाने दोन पालथे टाकायचे. त्या चार पत्त्यांना बाई घोडियूं म्हणायची, म्हणजे पाळणा. पाळणा एकदा तिचा, एकदा माझा. मग उरलेल्या गड्डीतून एक पत्ता उघडायचा, तो दोघांचा. हातातले चार पत्ते आळीपाळीने एकेक करून मांडायचे, मांडतानाही बेरीज, जोडी किंवा ओळ जुळली तर गुण मिळतात; बेरीज एकतीसच्या वर न्यायची नाही, आणि ज्याचा पत्ता शेवटी बसतो त्याला एक. शेवटी प्रत्येकाने आपला हात मोजायचा: पंधरा जमले की दोन, जोडी जमली की दोन, ओळीने तीन आले की तीन. चित्रं सगळी दहाची. ज्याचा पाळणा नाही तो आधी मोजतो. ज्याचा आहे तो मागून हात मोजतो आणि पाळणाही मोजतो. जितके गुण तितकी भोकं काटा पुढे. एकशेएकविसाव्या भोकात आधी पोचेल तो जिंकला.

आता यातली खोच बघा. पाळणा तिचा असेल तर माझ्या हातून तिला काही चांगलं जाता कामा नये. पाळणा माझा असेल तर माझ्याच हातातलं काढून त्यात ठेवायचं. आणि दोन्ही वेळा आपला हातही मोडता कामा नये. सगळं राखायचं म्हटलं तर काहीच राहत नाही.

मी हरलो. दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा हरलो. चौथ्या दिवशी पत्ते भिरकावले आणि कुंपणापर्यंत चालत गेलो. मागून आवाज आला, "राणी चिंचेखाली पडली, दीकरा. तेवढी घेऊन ये." घेऊन आलो. काय करणार, जागा तिची होती.

आमचं बोलणं म्हणजे खिचडी. ती गुजराती मिसळून बोलायची, मी आमच्या अहिराणीत. इथे लिहिताना मी बरंचसं सरळ करून लिहितो आहे. पण एक वाक्य तिचं जसंच्या तसं आठवतं. माझा पाळणा होता, मी त्यात दुर्री आणि नव्वी टाकली होती, कारण हातात दुसरं सगळं कामाचं होतं. मोजताना पाळणा रिकामा निघाला. ती म्हणाली, "आपल्याच घोडियांमां तू उष्टं टाकतोस. कोण जेवेल?"

हळूहळू मला तिच्या खेळाची भीती वाटू लागली. भीती म्हणजे देवळात वाटते तशी. मी माझ्या पाळण्यात पंजी टाकली की तिच्याकडून राजा किंवा राणी कधी यायचीच नाही; पंजीला दहा मिळाले की पंधरा होतात, ते ती होऊ द्यायची नाही. मी तिच्या पाळण्यात काही टाकलं की त्याला जोडी तिच्याकडून यायची. एकदा तिने चार आकडे ओळीने आलेला सुंदर हात डोळ्यांसमोर मोडला, दोन पत्ते उचलून माझ्या पाळण्यात टाकले, आणि पाळणा उघडला तर माझ्या दोन पत्त्यांशी त्यांचं काही म्हणजे काही जमेना. शेजारी शेजारी बसूनही एकमेकांशी न बोलणारी चार माणसं असावीत तसे ते चार पत्ते. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. सुरकुतलेली, थरथरणारी बोटं. त्यांनी पत्ते नुसते उचलले आणि ठेवले. ना खळखळ, ना मोजणी.

मला वाटलं पत्त्यांना खुणा आहेत. मी उजेडात धरून पाठी तपासल्या. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून नवी गड्डी मागवली, तिच्यासमोर वेष्टण फोडलं. ती म्हणाली, "चांगली आहे. जुनीचे कोपरे गेले होते." आणि मला नव्या गड्डीने हरवलं.

मामाचा मुलगाही येत असे, पेढे घेऊन. पत्त्यांना तो हात लावत नसे. म्हणायचा, आमच्या घरात जुगार चालत नाही. बाई त्याला चहा द्यायची, पेढे ठेवून घ्यायची आणि तो गेला की मला खायला द्यायची.

होळीला दहा दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "मी सुरतेला मुलीकडे जाते. आता तिथेच. जागेचं संपवायला पाहिजे." मी हातातले पत्ते खाली ठेवले. "जायच्या दिवशी एक डाव. तू जिंकलास तर जागा तुझी, भाव तू सांग. हरलास तर पुन्हा मागायची नाही. मग तुझ्या भावाला देईन."

"तो मन्हा भाऊ नही शे."

"मामाचा मुलगा भाऊच असतो, दीकरा. आवडो न आवडो."

तीन महिन्यांत मी तिला दोनदाच हरवलं होतं, तेही तिला ताप होता तेव्हा.

आदल्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो. पुढ्यात भाकरी, मनात पत्ते. काय आलं तर काय टाकायचं, काय ठेवायचं, एवढंच डोक्यात. बायको वाढता वाढता थांबली.

"ताटवर बोटे कसाले मोजी ऱ्हायनात? बैल लेवाले निंघनात का?"

मी खाली पाहिलं. माझा डावा पंजा ताटाच्या काठावर पूर्ण आवळलेला होता. मनात त्या वेळी पंजी होती. मी मनात सत्ती आणली, आणि बोटांनी आपोआप पंजा आवळून पुन्हा दोन बोटं दाबली. तिर्री आणली, तीन बोटं.

चौदा वर्षं रुमालाखाली हात दिला होता. आकडा मनात आला की बोट हलायचं, मला न विचारता. पत्ते मी डाव्या हातात धरत असे, पाठी बाईकडे, आणि माझी बोटं त्या पाठींवर उघड्यावर नाचत होती. तीन महिने मी टाकण्याआधी दर वेळी तिला सांगत होतो काय टाकतोय ते. आमच्या बाजारातल्या माणसाशिवाय ही चूक कोणी करणार नाही. आणि बाजारातल्या माणसाशिवाय ती कोणी वाचणारही नाही. मग पारशीण बाईला ती कशी वाचता आली?

तेवढ्यावर न थांबता माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. मी बायकोला सांगितला. "उद्या खोटी बोटे देखाडसू. पंजी नसनी तरी पंजा."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देखाडा ना. शेवटी मामानाच भाचा."

मी ताटावरून उठलो. भांडण झालं, ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईच्या ओसरीवर दोन पेट्या बांधून ठेवल्या होत्या. गाडी चारची होती, आम्ही दोनला बसलो. पहिला पाळणा माझा आला. रात्री झोप लागली नव्हती, बायकोचं बोलणं डोक्यात होतं, आणि तरीही पत्ते हातात आल्यावर मी डाव्या हाताचा पंजा पत्त्यांच्या पाठीवर आवळला. पंजी नव्हती. दुर्री आणि नव्वी होती. ती पाळण्यात टाकली.

बाईने माझ्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या पत्त्यांकडे. मी पहिल्यांदाच तिला अडखळताना पाहिलं. तिने राणी टाकायला काढली होती, ती परत घेतली आणि दुसराच पत्ता टाकला. तिचा हात मोडला, दोनच गुण आले. माझे आठ झाले. मग पाळणा उघडला.

"पंजी नव्हती?" ती म्हणाली.

तिने बोलून दाखवलं होतं की ती वाचत होती. मी करून दाखवलं होतं की मला कळलं आहे.

"तुला कळलं," ती म्हणाली.

"कळलं. तीन महिने चोरून बघत होतात."

"बाजारात उघड्यावर ठेवलेलं बघणं चोरी कधीपासून झाली?" तिने पंखा खाली ठेवला. "पण तू खोटं बोट दिलंस."

एरवी मला राग आला असता. रागाच्या भरात मी पुष्कळ डाव खेळलो आहे. त्या दिवशी आला नाही. रुमालाखाली धरलेला मामाचा हात आठवला, गरम, जाडजूड, अगदी खरा वाटणारा. मी पाटीवरचा माझा काटा उपटला आणि पहिल्या भोकाच्या मागे, जिथून सुरू केलं होतं तिथे नेऊन ठेवला.

"तुमचे दोन राहू द्या," मी म्हणालो. "तुम्हाला हे शिकवलं कोणी?"

तेव्हा तिने सांगितलं. नवऱ्याच्या मागे गाड्या आणि बैल तिनेच सांभाळले. पण बाजारात बाईच्या हातात हात कोण देणार? सौदा तिचा मुनीम करायचा, आणि ही समोर खुर्ची टाकून बसायची. मुनीम चोर आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. म्हणून ती रुमालाकडे बघायची. रुमाल कुठे उचलतो, कुठे दबतो, सुरकुती करंगळीकडे जाते की अंगठ्याकडे. दोन वर्षांत तिला रुमालावरून भाव वाचता यायला लागला.

मी स्वतःला बाजारातला पक्का समजत होतो. मला आत हात घालून कळायचं ते या बाईला बाहेरून, कापडावरून, दहा हातांवरून कळत होतं, आणि तिला तो हात एकदाही मिळाला नव्हता.

"टाक पत्ते," ती म्हणाली. "गाडी थांबत नाय."

मी डावा हात मांडीखाली घातला आणि एका हाताने खेळलो. पत्ते जमिनीवर पालथे ठेवायचो, एकेक उचलून बघायचो, परत ठेवायचो. गैरसोय फार. पण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं बरोबरीने बसलो होतो, आणि तिच्या डोळ्यांत मजा दिसत होती. बारा वर्षांत तिच्या समोर कोणी झाकलेलं काही धरलं नव्हतं.

शेवटच्या वाटणीला तिचा काटा एकशेअठराव्या भोकात, माझा एकशेपंधराव्या. तिला तीन हवे, मला सहा. पाळणा तिचा, म्हणजे हात आधी मी मोजणार. पण मांडतानाच तिने तीन काढले तर माझी मोजायची वेळच येणार नव्हती.

मी पत्ते एकेक उचलून पाहिले. चौकी, सत्ती, दोन अठ्ठ्या, नव्वी, राजा.

सत्ती, दोन अठ्ठ्या आणि नव्वी ठेवली तर बारा गुण. तीन महिन्यांत मला असा हात मोजकेच वेळा आला असेल. मला हवेत सहा आणि हातात बारा! कोणताही शहाणा व्यापारी हाच माल ठेवील. मी चौकी आणि राजा टाकायला उचललेसुद्धा.

मग थांबलो. मांडायला सुरुवात मी करणार. सात, आठ, नऊ यांतलं काहीही पहिलं मांडलं की ती पंधरा करून दोन घेईल, आणि माझे पुढचे पत्तेही ओळीतलेच, तेव्हा तिसरा गुण तिला तिथेच मिळेल. चौकी मांडली तर पंधरा होत नाहीत. फार तर ती दुसरी चौकी ठेवून दोन घेईल. दोन तिला पुरत नव्हते. आणि नव्वी गेली तरी सत्ती आणि दोन अठ्ठ्यांचे बरोबर सहा होतात. एक जास्त नाही, एक कमी नाही.

बाराचे सहा करायचे. तेही आपल्या हाताने. माझी बोटं मांडीखाली आकडे मोजत होती, मला जाणवत होतं. मी राजा टाकला. मग नव्वी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. चिंचेवर पोपट भांडत होते. मी नव्वी टाकली.

गड्डीतून पत्ता मी उघडायचा होता. गुलाम आला असता तर नियमाने तिला दोन मिळाले असते. राजा आला.

मी चौकी मांडली. तिने राणी. मी अठ्ठी, तिने छक्की. माझ्याकडे एकतीसच्या आत बसेल असं काही उरलं नाही, तिने दुर्री मांडून एक गुण घेतला. एकशेएकोणीस. मी दुसरी अठ्ठी मांडली, तिने गुलाम, मी सत्ती. शेवटचा पत्ता माझा, त्याचा एक.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजले. काटा शेवटच्या भोकात नेऊन खोचला.

तिने पाळणा उघडला, राजा पाहिला, मग नव्वी बोटाने बाजूला सरकवली. माझे उरलेले पत्ते पाहिले. ते सगळं तिला एका नजरेत कळलं. "ही तू टाकलीस," ती म्हणाली. आणि बराच वेळ त्या नव्वीकडे बघत राहिली. "माझ्या घरवाळ्याने टाकली नसती."

मग म्हणाली, "सांग भाव."

भाव मी तीन महिन्यांपूर्वीच ठरवला होता. तीनशे. जागेची खरी किंमत पाचशेच्या आसपास, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. पण अट तिची होती. जिंकेल तो सांगेल. मी तोंड उघडणार तोच तिने डोक्याचा पांढरा रुमाल सोडला. केस विरळ झाले होते. तिने उजवा हात पुढे केला आणि त्यावर रुमाल टाकला.

"असा सांग," ती म्हणाली. "मला कोणी असा सांगितला नाही."

मी रुमालाखाली हात घातला. तिचा हात लहान, कोरडा, बाभळीच्या सालीसारखा. जिभेवर तीन होते. बोटांनी तिचा सगळा पंजा धरला. मी धरला असं म्हणणार नाही. बोटांनीच धरला, मला न विचारता, आणि मी तो सोडवूनही घेतला नाही.

तिने डोळे मिटले. बोटं चाचपून पाहिली, एकेक, जणू पहिल्यांदाच हाताला पाच असतात असं कळत होतं. मग तिने माझी करंगळी धरली आणि हळूच तळव्यात दुमडून टाकली. चार.

विकणाऱ्याने रुमालाखाली आपणहून भाव उतरवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही.

तिने रुमाल झटकला, डोक्याला बांधला आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

"पिस," ती म्हणाली. "गाडीला अजून वेळ आहे."